‘झाला का अंधार?’ विचारणाऱ्या सुमेधा मॅडम

जय भीम. नमस्कार.

माइक जरा खाली घेतो. सांभाळून घ्या.

मी गंगाधर. मूळचा देगलूरचा, नांदेडला फिजिक्स शिकवतो. सुमेधा मॅडम आणि मी एकाच विभागात होतो, एकाच प्रयोगशाळेत काम करत होतो. होतो. हा शब्द तोंडातून निघायला लई जड जातोय. मी त्यांना मॅडम म्हणायचो, त्या मला सर म्हणायच्या. भांडण झालं तरी मॅडम आणि सरच. आणि भांडणं लई व्हायची.

जळकोटकरहो, तुमच्यापैकी कितीतरी जणांनी त्यांना कडेवर खेळवलंय. याच विहारात त्या पोरांच्या रांगेत बसून वंदना म्हणायला शिकल्या. तुमच्यापुढे त्यांच्याबद्दल मी काय सांगावं? मला खरंच कळत नाही. मी वर्गात तासभर न थांबता बोलणारा माणूस आहे. आज दोन वाक्यं जुळत नाहीत.

पण अण्णांनी सांगितलंय म्हणून उभा राहिलोय. त्यांचे वडील. समोरच बसलेत. अण्णा उभी हयात वीज खात्यात लाइनमन होते, हे तुम्हाला मी सांगायला नको, तुमच्या घरातली लाईट गेली की तुम्ही त्यांच्याच दारात जायचात. सकाळी मी आलो तर अण्णा मला बाजूला घेऊन गेले. म्हणाले, “गंगाधर सर, बाकीचे तिच्या सभावाचं बोलतीलच. तुम्ही तेवढं दोन गोष्टींचं सांगा. लेकरू अंधारात बसून काय हुडकत हुतं? आन ते तिला घावलं का?”

दोन प्रश्न. पहिल्याचं उत्तर मला येतं. ते आधी देतो. दुसऱ्यापाशी मी सकाळपासून अडकलोय.

काय शोधत होत्या? ऐका. एक चकती असते, नखाएवढी. तिच्यात एका पदार्थाच्या दोन थरांमध्ये दुसऱ्या पदार्थाचा एक अगदी बारीक थर असतो. दोन भाकरींच्या मध्ये चटणी लावावी तसा, पण ती चटणी डोळ्याला दिसणार नाही इतकी पातळ. त्याला क्वांटम वेल म्हणतात. त्या थरावर लेसरचा उजेड टाकला की आतला एखादा इलेक्ट्रॉन उडतो, आणि तो जिथून उठला तिथं रिकामी जागा राहते. तो इलेक्ट्रॉन आणि ती रिकामी जागा, दोघं जोडीनं फिरतात. त्या जोडीला म्हणायचं एक्सायटॉन. थोड्या वेळानं इलेक्ट्रॉन परत जागेवर पडतो आणि पडताना उजेड देतो. तो उजेड आम्ही मोजतो. संपलं.

पण काही जोड्या अशा असतात की त्यांची फिरकीच, म्हणजे स्पिन, जुळत नाही. मग इलेक्ट्रॉनला परत पडता येत नाही. उजेड निघत नाही. जोडी मात्र आहे, तिथंच आहे, आणि बाकीच्यांपेक्षा लई जास्त वेळ टिकते. त्यांना डार्क एक्सायटॉन म्हणतात. दिसत नाही ते मोजायचं कसं? हेच मॅडमचं काम. सगळं भयंकर थंड करायचं, चुंबक लावायचा, त्या चुंबकानं फिरकी जराशी बिघडते, आणि मग त्या अंधाऱ्या जोड्यांमधून किंचित, अगदी किंचित उजेड झिरपतो. लेसर बंद झाल्यावर नेहमीचा उजेड झटक्यात संपतो. त्याच्या मागं एक लांब, बारीक शेपटी उरते. आम्ही तिला शेपटीच म्हणायचो. चुंबकाबरोबर ती शेपटी हलली, तर ती डार्क एक्सायटॉनची. नाही हलली, तर तो कचरा.

आता इथं कुणाच्या मनात येईल की वा, अंधारात राहणारे, कुणाला न दिसणारे, म्हणजे आपलंच की. खबरदार. उदगीरच्या एका कार्यक्रमात अध्यक्षांनी अगदी असंच भाषण केलं होतं. अंधारातले एक्सायटॉन म्हणजे आपला उपेक्षित समाज, टाळ्या. मॅडम उठल्या आणि म्हणाल्या, “साहेब, त्याला काही दुःख नसतंय हो. समाजाचं बोलायचं तर सरळ बोलू, मीपण बोलते. ह्याला कशाला मध्ये ओढता?” चहा पण नीट मिळाला नाही आम्हाला त्या दिवशी.

म्हणून आज मी त्या एक्सायटॉनमधून तुम्हाला काही सांत्वन काढून देणार नाही. त्यांना आवडलं नसतं. आणि खरं सांगू का, माझ्याजवळ ते नाहीच.

त्या पेढ्यांची आठवण आहे ना तुम्हाला? आहे. हसताय, म्हणजे आहे. मागं एकदा मॅडमना शेपटी दिसली होती. तेव्हा आमच्याकडे चुंबक नव्हता, पण शेपटी होती, लांबलचक, हटतच नव्हती. आम्ही उजेड मोजायच्या मशीनचं तोंड बंद करून तपासलं, तर काही नाही. उघडलं, तर आहे. नाचलो आम्ही त्या खोलीत! पेपर लिहून पाठवला. अण्णांना फोन गेला, आणि अण्णांनी इथं घरोघर पेढे वाटले. लेकीनं अंधारातला उजेड शोधला म्हणून.

मग एक दिवस मायनं, म्हणजे मॅडमच्या आईनं, फोनवर विचारलं, तू काम करतीस ती खोली दाखव की. मॅडमनी व्हिडिओ कॉल लावला. लाईट बंद केली आणि फोन गरागरा फिरवला. म्हणाल्या, “बघ माय, एवढा अंधार.” माय म्हणाल्या, “हाव गं, लई अंधार हाय. पर ते वर कोपऱ्यात जांभळं काय चमकायलंय?”

मी तिथंच होतो. आम्ही दोघांनी वर बघितलं. डोळ्याला काही नाही. फोनमध्ये बघितलं तर जांभळा ठिपका.

तो कॅमेरा होता. सुरक्षेसाठी बसवलेला साधा कॅमेरा. अंधार झाला की तो आपला एक दिवा आपोआप लावतो, जो आपल्या डोळ्याला दिसत नाही, पण आमच्या मशीनला चांगला दिसतो. आम्ही दिवे घालवायचो आणि त्याचा दिवा लागायचा. आमची शेपटी म्हणजे तो कॅमेरा. त्या शेपटीचे आम्ही पेढे वाटले होते.

मॅडम त्या दिवशी जेवल्या नाहीत. पेपर मागं घेतला, स्वतःहून. मी म्हणालो, “मॅडम, थांबा, बघू, एवढी काय घाई.” पण त्या थांबल्या नाहीत. आणि पुढच्या रविवारी त्या इथं आल्या. ज्या ज्या घरात पेढा गेला होता, त्या त्या घरात गेल्या. दारात उभं राहून म्हणाल्या, “मागं अण्णांनी सांगितलं ते खरं नव्हतं. माझी चूक झाली.” तुम्ही लोक काय म्हणालात? “अगं, मग पेढा परत पायजे का?” असं म्हणालात! त्यांनी मला जसंच्या तसं सांगितलं होतं. सांगताना हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या.

त्यानंतर आम्ही चुंबक मागवला, आणि तो यायच्या आधीच खोलीत एक रीत ठरवली. दिसलं असं एकट्यानं म्हणायचं नाही. एकानं बाहेर बसून चुंबकाचा स्विच टाकायचा किंवा काढायचा, आणि आत बसलेल्याला सांगायचं नाही. आतल्यानं फक्त शेपटी बघून सांगायचं, आता चालू, आता बंद. मग जागा बदलायच्या. दोघांचंही जुळलं, वेगवेगळ्या दिवशी जुळलं, तरच तोंडातून शब्द काढायचा, दिसलं म्हणून. नाहीतर नाही.

आणि खोलीतला एकूणएक दिवा त्यांनी काढला. कॅमेरा उतरवायला परवानगी घ्यावी लागली, घेतली. इन्व्हर्टरच्या दिव्यावर काळी पट्टी. घड्याळ बाहेर. मोबाईल बाहेर. डास पळवायचं ते प्लगमधलं मशीन असतं ना, त्याला एक बारका लाल दिवा असतो. तेही काढलं.

तेही काढलं.

मॅडमना डेंग्यू झाला, हे तुम्हाला माहीत आहे. दवाखान्याच्या व्हरांड्यात माय माझ्याजवळ येऊन बसल्या आणि म्हणाल्या, “सर, मी ते जांभळं इचारलं नसतं तर ती डासाची मशीन तिथंच राहिली असती ना?”

मी काय बोलणार? सांगा. काय बोलायचं असतं अशा वेळी?

माय, मी तेव्हा बोललो नाही, आज सगळ्यांपुढं बोलतो. कुठला डास, कुठं चावला, कुणाला माहीत? नांदेडमध्ये काय डासांना तोटा आहे? गल्लीत चावला असेल, बसस्टँडवर चावला असेल, माझ्याच घरी चहाला आल्या होत्या तेव्हा चावला असेल. हे कुणालाच कधीच कळणार नाही. तुम्ही विचारलं म्हणून मॅडम खोट्यातून वाचल्या. हे त्या स्वतः म्हणायच्या, माझ्या मायनं वाचवलं म्हणायच्या. मला माहीत आहे, याचा तुम्हाला काही उपयोग नाही. मलाही होत नाही. मीसुद्धा त्या रिकाम्या प्लगकडे बघतो आणि तोच विचार करतो, आणि मग स्वतःलाच म्हणतो, गप बस.

आता दुसऱ्या प्रश्नाकडे येतो, अण्णा. टाळत नाही.

ताप चढायच्या आदल्या सकाळी मॅडमचा मला फोन आला. चुंबक नवीन बसला होता, थंड करणारा कंप्रेसर चालू होता, चकती चांगली थंड झाली होती. फोन उचलला तर नमस्कार नाही, काही नाही. “सर, शेपटी हलली.” मी म्हणालो, काय? “हलली सर. मी एकटीच आहे, एकटीनंच स्विच टाकला, तेव्हा हे काही खरं नाही. तुम्ही या. आता तुम्ही आत बसायचं, मी बाहेर. आणि सर, अण्णांना बोलू नका. ते पेढे आणतील.”

मी मुलांच्या परीक्षेच्या कामात होतो. उद्या येतो म्हणालो. त्याही म्हणाल्या, हाव, उद्याच बसू, आज डोकं जड झालंय. उद्या बसूच असं आम्ही दोघांनी ठरवलं. दुसऱ्या दिवशी त्या दवाखान्यात होत्या.

दवाखान्यातही काय विचारायच्या? “सर, कंप्रेसर चालूय का?” सलाईन लागलेली, पेशी उतरत चाललेल्या, विभागातली पोरं रक्त द्यायला रांगेत उभी, आणि ह्यांना कंप्रेसरची काळजी. मी सांगायचो, चालू आहे मॅडम. तेव्हा चालू होता. पुढं सगळे आम्ही दवाखान्यातच होतो. कधीतरी वीज गेली, कंप्रेसर बसला, आणि आतली चकती हळूहळू तुमच्या-आमच्यासारखी गरम झाली. मॅडम गेल्यावर मी खोली उघडली तेव्हा कळलं. कधी झालं तेही माहीत नाही. वीज मध्येच जाऊ नये म्हणून एरवी अण्णाच नांदेडला ओळखीच्यांना फोन करायचे. त्या दिवसांत अण्णा तरी कुणाला फोन करणार होते?

तुम्ही म्हणाल, मग परत थंड करा. केली. परत केली. पण ती चकती एकदा गरम होऊन थंड झाली की सगळं जरा जरा सरकतं. लेसरचा ठिपका केसाहून बारीक. मॅडमनी ज्या जागेवर बघितलं, ती जागा मला सापडत नाही. त्यांनी लिहून ठेवलंय सगळं, त्यांची टापटीप तुम्हाला माहीत आहे, पण जागाच सरकली तर त्या आकड्यांचं काय करू? रोज जातो. रोज अंधार करतो. इकडून बघतो, तिकडून बघतो. नुसती खरखर दिसते. कधी वाटतं, हलली. लगेच वाटतं, तुला हलायला पाहिजे आहे म्हणून हलली. आणि विभागातली पोरं सुट्टीला गावी गेलीत, बाहेर स्विचवर बसायला कुणी नाही, खरं-खोटं करायचं कसं? आमच्या रीतीला दोन माणसं लागतात हो. मी एकटा आहे.

आज इथं दारातच मला कितीजणांनी विचारलं, “सर, सापडलं ना शेवटी तिला?” एका मावशींनी तर माझे हात धरले आणि म्हणाल्या, “हाव म्हणा सर, तिच्या मायला बरं वाटंल.”

मित्रहो, माझ्या जिभेवर आलं होतं. अजूनही आहे. सापडलं म्हणून टाकावं. कोण येणार आहे तपासायला? जळकोटात कोण विचारणार आहे, चुंबक चालू होता का बंद? एक शब्द आहे. त्या एका शब्दानं या दोन म्हाताऱ्या माणसांचा आजचा दिवस निघाला असता. मी का बोलू नये? मी इथं येताना सबंध रस्ताभर हाच विचार केला. का बोलू नये?

पण मग मला मॅडम दिसतात. तुमच्या दारात उभ्या. माझी चूक झाली म्हणणाऱ्या. मी आज खोटं बोललो, तर उद्या घरोघर जाऊन ते परत घ्यायला त्या येणार नाहीत. आता ते परत घ्यायला कुणीच नाही.

तर अण्णा, तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर. मला माहीत नाही. त्यांना दिसलं होतं, एकदा, एकटीला. ते खरं होतं का, मला माहीत नाही. कधी कळेल का, तेही माहीत नाही.

सकाळी मी अण्णांना एवढंच सांगितलं होतं, की खरं-खोटं करायला बाहेर स्विचवर एक माणूस लागतो, आणि तो माझ्याजवळ नाही. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “त्या स्विचवर बसायला शिकलेलाच माणूस लागतो का?” मी म्हणालो, नाही. स्विच टाकायचा, काढायचा, आणि आतल्याला सांगायचं नाही, एवढंच. अण्णा म्हणाले, “मग मी येतो. दुसरं काय केलं मी जन्मभर?”

मी त्यांना हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही. कारण स्विचवर माणूस मिळाला, पण आत बसून मला ती जागाच सापडत नाहीये. अण्णांना बाहेर स्टुलावर बसवून ठेवायचं आणि आतून रोज तेच सांगायचं, काही दिसत नाही, काही दिसत नाही? मी म्हणालो, “अण्णा, काहीच नाही दिसलं तर?” तर म्हणाले, “तर न्हाई दिसलं म्हणायचं. ती घरोघर जाऊन म्हणलीच हुती की.”

थांबतो.

शेवटी एक विनंती आहे. अशा सभेत आपण उभं राहून दोन मिनिटं शांत राहतो. राहूच. पण मॅडमची एक सवय होती. कामाला बसताना सगळे दिवे घालवून त्या विचारायच्या, “झाला का अंधार?” आणि खोलीत जो असेल त्यानं नीट बघून, चारी कोपरे बघून, सांगायचं, “झाला.” नुसतं म्हणायचं म्हणून म्हटलेलं त्यांना चालायचं नाही.

तसं करू या का आज? दारं लोटून घ्या. पंखे बंद करा. मोबाईल खिशात ठेवा. आणि तो बघा, वर उजव्या कोपऱ्यात, या हॉलमध्येही कॅमेरा आहे. आपण दिवे घालवले की तो आपला दिवा लावेल. आपल्याला दिसणार नाही, पण त्यांनी सोडला नसता. कुणीतरी खुर्चीवर चढा आणि त्याच्यावर रुमाल टाका. हां. अजून जरा खाली ओढा. बस.

अण्णा, उठा. हळूच. कुणीतरी हात द्या त्यांना. स्विच दाराजवळ आहे, तुम्हाला माहीतच आहे, तुम्हीच बसवलाय तो.

मायबाप, सगळे उभे राहा. घड्याळ लावू नका. डोळे मिटू नका, उघडे ठेवा. चारी कोपरे बघा.

अण्णा, घालवा लाईट.

झाला, मॅडम. अंधार झाला.